भिंतीवरचा हिवताप आणि हातातली गोळी

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात. पण गावाच्या भिंतीवर लिहिलेल्या मजकुराचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. खरे तर पुस्तकापेक्षा भिंत वाचणारे किती तरी जास्त. पुणे-दौंड लोहमार्गावरचे यवत, खुटबाव, केडगाव यांच्यासारख्या महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावच्या शिक्षकाला आरोग्य खात्याच्या दोन ओळी पाठ असतील. एक : 'कोणताही ताप हिवताप असू शकतो, त्वरित रक्त तपासून घ्या.' दुसरी : 'आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.' या ओळींवर पिढ्या वाढल्या. म्हणून त्यांच्याकडे एक शैक्षणिक मजकूर म्हणून पाहायला हवे. तो काय शिकवतो, काय शिकवत नाही आणि जे शिकवत नाही त्याची किंमत कोण मोजते?

आधी गुण सांगू. पहिली ओळ शास्त्रीयदृष्ट्या चोख आहे. थंडी वाजून ताप येणे हे हिवतापाचे लक्षण त्याच्या नावातच आहे. पण तापाच्या प्रत्येक रुग्णाला हुडहुडी भरतेच असे नाही. लहान मुलात नुसती उलटी, डोकेदुखी, मलूलपणा एवढेच दिसू शकते. लक्षणांवर विसंबू नका, रक्त पाहा, हा सल्ला योग्यच आहे. दुसरी ओळही तशीच. डासाची अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची वाढ उष्ण हवेत साधारण आठवडा-दहा दिवसांत पुरी होते. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून वाळवली की साखळी तुटते. थोड्या शब्दांत इतके नेमके सांगणे सोपे नाही.

आता उणीव. एका ओळीत डास आहे, दुसरीत रक्ताचा थेंब आहे. गोळी कुठेच नाही. रक्त तपासले, दोष निघाला, गोळ्या हातात पडल्या, पुढे काय? कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, उपाशीपोटी की जेवून, ताप उतरल्यावर थांबायचे की नाही, कोणाला कोणती गोळी चालत नाही? भिंत गप्प आहे. शाळेतल्या रोगांच्या तक्त्यातही रोगाचे नाव, जंतू, प्रसार, लक्षणे असे रकाने ओळीने भरलेले असतात आणि 'उपचार' या रकान्यात औषधाचे एखादे नाव लिहून विषय संपतो. माझ्या मते आपल्या आरोग्यशिक्षणातली ही सर्वांत महागडी रिकामी जागा आहे.

चार गोळ्यांचा धडा

ही जागा रिकामी का राहिली याचे उत्तर इतिहासात आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीच्या फवारणीने १९६५ च्या सुमारास रुग्णसंख्या लाखाच्या आसपास आली आणि विजय जवळ वाटू लागला. मग रोग उलटला. १९७६ साली देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. १९७७ पासून सुधारित योजना आली आणि गावोगाव औषधवाटप केंद्रे व ताप उपचार केंद्रे निघाली. ती चालवणारी माणसे गावातलीच : सरपंच, टपालवाला आणि पुष्कळ ठिकाणी शाळामास्तर. जुन्या पिढीतल्या शिक्षकांनी क्लोरोक्विनचा डबा शाळेच्या कपाटात सांभाळलेला आहे.

तेव्हाचा नियम असा होता : तापाचा रुग्ण आला की काचपट्टीवर रक्त घ्यायचे आणि प्रौढाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या, म्हणजे ६०० मिलिग्रॅम, एकदम द्यायच्या. याला 'गृहीतोपचार' म्हणत. काचपट्टी तपासून दोष निघाला तर पुढे पूर्ण, म्हणजे 'समूळ' उपचार. त्यामागे विचार होता. तपासणीचा निकाल यायला दिवस, कधी आठवडे लागत. तोवर रुग्णाचा ताप उतरावा आणि त्याच्याकडून डासांकडे होणारा प्रसार कमी व्हावा.

पण या नियमाने लोकांना एक धडाही शिकवला, जो कोणाच्याच मनात नव्हता. ताप आला, चार गोळ्या खाल्ल्या, ताप गेला, काम संपले! निकाल येईपर्यंत रुग्ण शेतावर गेलेला असे. पूर्ण मात्रा वजनाच्या दर किलोला २५ मिलिग्रॅम, तीन दिवसांत विभागून. पहिल्या दिवसाची मात्रा त्यातली फक्त १० मिलिग्रॅम. म्हणजे अनेकांना निम्म्याहूनही कमी औषध मिळत राहिले. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय धोरणाने हा गृहीतोपचार मागे टाकला. आता नियम असा की आधी तपासणी, मग जंतूच्या जातीप्रमाणे पूर्ण उपचार. धोरण बदलले, पण घराघरातला धडा पुसण्यासाठी भिंतीवर एकही नवी ओळ आली नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

ताप गेला, जंतू राहिले

'कोर्स पूर्ण करा' असे डॉक्टर म्हणतात. का, हे सांगत नाहीत. सांगायला लागते ते फक्त सहावी-सातवीचे गणित.

समजा, एका आजारी माणसाच्या शरीरात १००० कोटी जंतू आहेत. हा आकडा भीतिदायक वाटतो, पण हिवतापात तो नेहमीचा. हे जंतू तांबड्या पेशीत शिरतात, वाढतात आणि सुमारे ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतात. चांगले औषध रक्तात असेल तर प्रत्येक ४८ तासांच्या चक्रात हजारातला एकच जंतू वाचतो, असे ढोबळमानाने धरू. पहिल्या चक्राअखेर १००० कोटींचे १ कोटी उरतात. दुसऱ्या चक्राअखेर १० हजार. तिसऱ्या अखेर १०. चौथ्या अखेर शून्य.

आता ताप कधी येतो ते पाहा. शरीरातले जंतू साधारण १० कोटींच्या खाली गेले की बहुधा ताप जाणवत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखालीही ते सहसा सापडत नाहीत. म्हणजे पहिल्या चक्राअखेर रुग्ण उठून बसतो, जेवतो, 'मी बरा झालो' म्हणतो, तेव्हा त्याच्या अंगात एक कोटी जंतू जिवंत असतात. ताप उतरणे हा औषध लागू पडत असल्याचा पुरावा आहे; रोग संपल्याचा नव्हे. फळ्यावर चार ओळींत मांडता येणारे हे गणित 'कोर्स पूर्ण करा' या आज्ञेपेक्षा मुलांच्या मनात जास्त टिकेल असे मला वाटते.

यातूनच अपुऱ्या मात्रेचा दुसरा धोका कळतो. जंतू तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारे हीम त्याला विषारी असते, म्हणून तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवून ठेवतो. क्लोरोक्विन हे स्फटिक बनू देत नाही; जंतू स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. पण काही जंतूंत असा एक बदल घडतो की त्यांच्या अन्नकोशात शिरलेले क्लोरोक्विन बाहेर ढकलले जाते. पुरेशी मात्रा असेल तर किंचित बदललेले जंतूही मरतात. अपुरी असेल तर साधे मरतात, बदललेले उरतात आणि डास त्यांनाच पुढे नेतो. भारतात क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपॅरम जंतू प्रथम १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात नोंदला गेला. त्याआधी दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियात तो दिसला होता, म्हणून सगळा दोष आपल्या चार गोळ्यांना देणे शास्त्रीय ठरणार नाही. पण अर्धवट उपचारांनी त्याला वाट मोकळी करून दिली, हे नाकारता येणार नाही.

दोन जाती, दोन हिशेब

तक्त्यातल्या 'उपचार' या रकान्यात एकच नाव लिहिणे चुकीचे का, याचे उत्तर जंतूच्या जातीत आहे. आपल्याकडे मुख्यतः दोन जाती : व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपॅरम.

व्हायव्हॅक्सवर क्लोरोक्विन आजही भारतात बहुतांशी चालते. १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या धरल्या तर प्रौढाला पहिल्या दिवशी ४, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी २. पण व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात निद्रिस्त राहतात आणि क्लोरोक्विन त्यांना शिवतही नाही. आठवड्यांनी, महिन्यांनी ते जागे होतात. आपल्या भाषेत 'ताप उलटतो'. त्यांच्यासाठी दुसरी गोळी, प्रायमाक्विन, १४ दिवस रोज. आपल्याकडे अनेक दशके ती फक्त ५ दिवस दिली जाई. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ५ आणि १४ दिवसांच्या उपचारांची तुलना केली, तेव्हा ताप उलटणे रोखण्यात १४ दिवसांचा उपचार स्पष्टपणे सरस ठरला.

इथे रुग्णाच्या बाजूने विचार करून पाहा. ताप तिसऱ्या दिवशी गेला. पुढचे अकरा दिवस आजार नसताना गोळी खायची, आणि ती उपाशीपोटी घेतली तर पोटात कळ येते. कारण माहीत नसेल तर कोण खाईल? ज्याला 'यकृतात झोपलेले जंतू' हे चित्र माहीत आहे, तो खाण्याची शक्यता जास्त.

फाल्सिपॅरमचा हिशेब वेगळा. तो मेंदूपर्यंत पोचून जीव घेऊ शकतो आणि क्लोरोक्विनवर आता विसंबता येत नाही. २०१० पासून देशभर त्यासाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचाराचे धोरण आहे. महाराष्ट्रात तीन दिवस आर्टेसुनेट, त्यासोबत पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन आणि डासांकडे जाणारे जंतू मारण्यासाठी प्रायमाक्विनची एक मात्रा, अशी ही योजना आहे. दोन औषधे का? पुन्हा आपलेच गणित. आर्टेसुनेट फार जोरकस. एका चक्रात दहा हजारांतला एकच जंतू वाचतो. पण ते काही तासांत शरीरातून निघून जाते. तीन दिवसांत दोन चक्रे सापडतात : १००० कोटींचे १० लाख, १० लाखांचे १००. हे उरलेले शंभर मारण्यासाठी रक्तात रेंगाळणारे जोडीचे औषध लागते. कोणी 'नुसती भारी गोळी द्या' म्हणाला आणि जोडीदार टाळला, तर ते शंभर पुन्हा कोट्यवधी होतील, आणि तेही अधिक चिवट. म्हणूनच नुसत्या आर्टेमिसिनिनच्या तोंडी गोळ्या विकण्यावर आपल्या देशात बंदी आली.

ओळखीची म्हणून निरुपद्रवी नव्हे

चार गोळ्यांच्या काळाने आणखी एक समज रुजवला : ही घरातलीच गोळी आहे, हिने काही होत नाही. हे खरे नाही. क्लोरोक्विनची योग्य मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे आहे. लहान मुलाने खेळता खेळता गिळलेल्या मोजक्या गोळ्याही जीव घेऊ शकतात. उरलेली पाकिटे फडताळात उघडी ठेवू नयेत, ही साधी गोष्ट किती घरांत सांगितली जाते?

२०२० मध्ये करोनाच्या साथीत हिच्याच भावंडाची, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची, मागणी एवढी वाढली की संधिवाताच्या ज्या रुग्णांना ती रोज लागते त्यांची पंचाईत झाली. मुंबईत वरळी आणि धारावीत ती सरसकट वाटण्याचा विचार झाला व मग तो स्थगित ठेवला गेला. त्याच वर्षी मोठ्या चाचण्यांतून करोनाच्या रुग्णांना तिचा फायदा होत नसल्याचे दिसले. गोळी जुनी आणि ओळखीची आहे, एवढ्याने ती प्रत्येक तापाची होत नाही.

प्रायमाक्विनबाबत तर काळजी अधिक हवी. काही जणांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असते. अशा व्यक्तीला ही गोळी दिली की पेशी फुटू लागतात. लघवी कोकमाच्या पाण्यासारखी गडद होते, डोळे पिवळे होतात, धाप लागते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्याने मुलग्यांत जास्त दिसतो. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. प्रायमाक्विनच्या निमित्तानेच १९५६ मध्ये हा दोष अमेरिकेत ओळखला गेला. गरोदर स्त्रिया आणि वर्षाच्या आतली बाळे यांना ही गोळी देत नाहीत. तेव्हा 'कोर्स पूर्ण करा' या वाक्याला एक शेपूट जोडलेच पाहिजे : 'पण लघवी काळपट झाली तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.' शेपूट नसलेली आज्ञा अर्धसत्य आहे.

टोळी पुढे गेली

खुटबाव परिसर म्हणजे गडचिरोलीसारखा हिवतापाचा बालेकिल्ला नव्हे. मग इथल्या शिक्षकाने हे कशाला वाचायचे? कारण जंतूला रेल्वेचे तिकीट लागत नाही. दौंड तालुका कालव्याच्या पाण्यावरच्या उसाचा. साखर कारखाने, गुऱ्हाळे. तोडीला बीड-नगरकडच्या टोळ्या, गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातले कारागीर. अशा माणसाला हिवताप निघाला आणि १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या, तर सहाव्या दिवशी फड संपून टोळी पुढच्या गावाला गेलेली असू शकते. उरलेल्या आठ गोळ्या कोण पाहणार? मुकादमाला त्याचे सोयरसुतक नसते, आणि आशाताईंच्या वहीतले नाव त्यांच्या गावाच्या वेशीपर्यंतच.

अशा कुटुंबातले मूल हंगामापुरते का होईना, साखरशाळेत किंवा गावच्या शाळेत येते. निरोप घरापर्यंत नेणारे तेच एक माणूस असते. देशात २०२३ मध्ये हिवतापाचे सव्वादोन लाखांच्या आसपास रुग्ण नोंदले गेले. २०१५ मधल्या अकरा लाखांहून अधिक संख्येच्या मानाने ही घट मोठी आहे. २०३० पर्यंत रोग संपवण्याचे उद्दिष्ट आहे. पण १९६५ चा अनुभव सांगतो की रोग कमी झाला की दक्षताही कमी होते, आणि राहिलेले थोडे जंतू तेवढ्याचीच वाट पाहत असतात.

एक आक्षेप

'लोकांना इतके सांगितले तर गोंधळ होईल. शिवाय मात्रा कळली की ते स्वतःच दुकानातून गोळ्या आणतील,' असा आक्षेप जाणकार घेतील. त्यातला दुसरा भाग मला मान्य आहे. मात्रा ठरवणे हे वजन, वय, गरोदरपण आणि जंतूची जात पाहणाऱ्याचेच काम आहे. मी वर दिलेले आकडे समजण्यासाठी आहेत, घेण्यासाठी नाहीत. पण पहिला भाग मान्य नाही. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखर-पाणी कोणत्या प्रमाणात द्यायचे हे आपण निरक्षर आयांना शिकवले आणि त्या शिकल्या. क्षयरोगाच्या गोळ्या कोणाच्या तरी डोळ्यांदेखत घ्यायच्या ही पद्धत खेड्यापाड्यांत रुळली. समजावून सांगितले की माणसे समजतात. भिंतीवरच्या मजकुराची खरी उणीव शब्दांची नाही, या विश्वासाची आहे. तो नागरिकाला आज्ञा देतो, कारण देत नाही.

वर्गात काय करता येईल

एक, वरचे जंतूंचे गणित घातांकांच्या पाठाला जोडून घ्यावे. जंतू शून्यावर यायला किती चक्रे लागतील, दोन दिवसांनी गोळ्या सोडल्या तर किती उरतील आणि ते दर चक्राला दसपट झाले तर पुन्हा ताप कधी येईल, हे मुलांना काढू द्यावे. एक कोटीचे दहा कोटी व्हायला एकच चक्र पुरते, हे त्यांचे त्यांनाच सापडू द्यावे.

दोन, जी-६-पीडीचे उदाहरण आनुवंशिकतेच्या पाठात घ्यावे. रंगांधळेपणाच्या जोडीला हे उदाहरण दिले तर धडा पुस्तकातून घरात येतो.

तीन, मुलांनी घरातली जुनी पाकिटे गोळा करू नयेत. मोठ्या माणसांसमवेत फक्त त्यांवरची नावे व मुदतीची तारीख वाचावी आणि वहीत लिहून आणावी. मुदत संपलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या गोळ्या किती घरांत निघतात, याचा तक्ता वर्गात करावा. अर्धवट राहिलेली प्रत्येक पट्टी म्हणजे कधी तरी अपुरा राहिलेला उपचार असू शकतो.

चार, शाळेच्या भिंतीवरच्या मजकुराचे परीक्षण मुलांनाच करू द्यावे आणि नवा मजकूर त्यांच्याकडून लिहून घ्यावा. माझा मसुदा असा :

'रक्तात हिवताप निघाला? कोणत्या जातीचा, ते विचारा. गोळ्या जेवून घ्या. अर्ध्या तासात उलटी झाली तर आशाताईंना सांगा. ताप गेला तरी जंतू आहेत. शेवटच्या गोळीपर्यंत थांबू नका. लघवी काळी झाली तर मात्र थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. गरोदर असाल तर आधी सांगा. गाव सोडणार असाल तर गोळ्या आणि चिठ्ठी सोबत न्या.'

हा मजकूर जुन्या ओळीपेक्षा लांब आहे आणि त्याला यमक नाही, हे मी जाणतो. एखादा मराठीचा शिक्षक तो आखूड आणि नेटका करील. फक्त करताना 'मात्र थांबा' हे दोन शब्द कापले जाणार नाहीत, एवढे पाहावे.